कसारा घाटात गाडी लागते, मग बोटीवर जाऊ का?

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव अर्थातच देत नाही. वय ५७. यजमान नाशिकरोडच्या प्रेसमधून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, गुडघे कुरकुरतात. येत्या मे महिन्यात लग्नाला ३५ वर्षं होतील म्हणून आयुष्यात एकदा तरी क्रूझ करायची असं ताईंनी ठरवलंय. पुण्यातला मुलगा म्हणतो मुंबईहून मोठं जहाज सुटतं त्यावर जा, पूल आहे, शो आहेत, खाणंपिणं सगळं आयतं. ताईंना गर्दी अजिबात सहन होत नाही. त्यांनी कुठेतरी व्हिडिओ बघितला, क्रोएशियातली ३८ प्रवाशांची बोट, आठ दिवस, बेटाबेटाला थांबत जाणारी. एजंट म्हणतो दोनच केबिन उरल्यात, शुक्रवारपर्यंत पूर्ण पैसे भरा, डिस्काउंट देतो. नणंद आणि तिचे मिस्टर पण यायचं म्हणतायत. अडचणी अशा की ताईंना कसारा घाटातसुद्धा गाडी लागते, त्या पूर्ण शाकाहारी, दोघांनाही पोहता येत नाही, आणि यजमान विचारलं की एवढंच म्हणतात, "तुला पाहिजे तिथे जाऊ." ताईंचा प्रश्न: हट्टाने बुक करू, का मुलाचं ऐकू?

ताई, पहिलं म्हणजे हा हट्ट वगैरे काही नाहीये. ३५ वर्षं संसार केल्यावर एखाद्या बाईला समुद्र बघावासा वाटला तर त्याला हट्ट म्हणायची सवय आपल्याला कुणी लावली कोण जाणे. तो शब्द आधी काढून टाका, मग बोलू.

आता तुमचं मुख्य कारण घेते, गर्दी नको. मला वाटतं तुमचा थोडा घोटाळा होतोय इथे. मी जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढले, सात बिऱ्हाडं, एक नळ, एक चौक. गर्दी म्हणाल तर नव्हतीच, मोजून तीसपस्तीस माणसं, पण कोणाकडे आज काय शिजलं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घोरण्याचा आवाज कुठपर्यंत जातो हे सगळ्यांना माहीत. लहान बोट म्हणजे अगदी तसंच बघा. काही वर्षांपूर्वी आम्ही ब्रह्मपुत्रेवर बोटीने गेलो होतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला एका काकांचं बायपास, एका बाईंच्या सुनेचा स्वभाव आणि एका जोडप्याचा जमिनीचा दावा असं सगळं पाठ झालं होतं, आणि मी काही विचारायला गेले नव्हते. जेवायला तीच माणसं, चहाला तीच, डेकवर एकटं जाऊन बसावं तर तिथेही कोणीतरी "या या" म्हणून खुर्ची सरकवणार. दीडदोन हजार माणसांच्या जहाजावर तुम्ही दिवसभर कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलात तर कोणाला पत्ता लागत नाही. ३८ माणसांत नाश्त्याला आला नाहीत तर चौकशीला दारावर टकटक होते.

काहींना हे फार आवडतं, मला चौथ्या दिवसापासून आवडायला लागलं. पण तुम्ही स्वतःला विचारा, नको काय आहे, रांगा आणि लाऊडस्पीकर, का माणसं? रांगा नको असतील तर लहान बोट तुमच्यासाठीच आहे. माणसंच नको असतील तर मोठ्या जहाजावर बाल्कनीवाली केबिन घेऊन दार लावून घेतलेलं बरं, मुलाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरेल. आणि नणंदेचं काय ते बघा. तुम्ही पत्रात एका ओळीत उल्लेख करून पुढे गेलात, मला ती ओळ सगळ्यात मोठी वाटली. लहान बोटीवर नणंद आठ दिवस प्रत्येक जेवणाला समोर असणार आहे. गोडीगुलाबी असेल तर उत्तमच.

लहान जहाजाचा खरा फायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा वेगळाच आहे. मोठं जहाज जिथे जाऊच शकत नाही तिथे ते जातं. उथळ नदी, अरुंद खाडी, छोटं बंदर. जगात काही ठिकाणी तर नियमच तसे आहेत. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी १०० च्या वर पर्यटक किनाऱ्यावर उतरवत नाहीत आणि ५०० च्या वर प्रवासी असलेलं जहाज माणसं उतरवतच नाही, म्हणजे एवढे पैसे भरून पेंग्विन लांबूनच बघायचे. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर जहाजात जास्तीत जास्त १०० प्रवासी आणि १६ जणांमागे एक गाईड. नॉर्वेच्या वर स्वालबार्डला २०२५ पासून संरक्षित भागात २०० प्रवाशांची मर्यादा आलीय. हे तुमच्यासाठी नाही, पण अशी पत्रं बऱ्याच जणांची येतात म्हणून लिहितेय, की जाहिरातीत जहाजाचं नाव आणि प्रवासीसंख्या आधी बघा, फोटो नंतर. तुमच्या क्रोएशियाच्या बोटी ह्वार, कोर्चुला, म्ल्येत अशा बेटांच्या लहान लहान बंदरांत थेट गावाला लागून उभ्या राहतात, उतरलं की चार पावलांवर बाजार, ही मजा मोठ्या जहाजात नाही.

पण ह्या बोटी कशा असतात ते एजंटने सांगितलंय का? बहुतेक दिवसा चालतात, रात्री बंदरात उभ्या. म्हणजे झोपताना हेलकावे नाहीत, हे तुमच्या फायद्याचं, पण बंदरातल्या हॉटेलांचा धांगडधिंगा उशिरापर्यंत ऐकू येतो हे तोट्याचं. सीझनमध्ये बंदरात जागा कमी म्हणून बोटी एकमेकींना चिकटून बांधतात, चार चार सुद्धा. तुमची बोट शेवटची असेल तर गावात जायला आधी तीन बोटींच्या डेकवरून, कठड्यावरून पाय टाकत जायचं, आणि केबिनच्या खिडकीतून समुद्राऐवजी शेजारच्या बोटीवरच्या माणसाचे मोजे दिसणार. लिफ्ट नसते. खालच्या डेकला जायचे जिने उभे आणि अरुंद, माळ्यावर चढतो तसे. आता यजमानांचे गुडघे आठवा. डुब्रोवनिकची तटबंदी जवळजवळ दोन किलोमीटर आहे, सगळ्या पायऱ्या, तिथे ते खाली कॉफी पीत बसले तरी चालेल, पण रोज बोटीवर चढणं उतरणं चुकणार नाही. म्हणून केबिन वरच्या नाहीतर मधल्या डेकला मागा, चार पैसे जास्त गेले तरी. खालच्या डेकची स्वस्त पडते, गोल खिडकी, ती उघडत नाही, आणि इंजिन शेजारी असेल तर सकाळी गजर लावायची गरज नाही.

बोट लागण्याचं सांगते. कोकणातली जुनी माणसं "बोट लागते" म्हणायची, आपण नाशिककर घाटापुरते, आपल्याला "गाडी लागते" एवढंच माहीत. दोन्हीचं कारण एकच आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतोय आणि डोळे म्हणतात स्थिर आहोत, मेंदू गोंधळतो. पण घाटात लागते म्हणून समुद्रात लागेलच असं काही नाही, आणि उलटही खरं. क्रोएशियाच्या त्या भागात बेटांच्या आडोशाने बोटी चालतात, त्यामुळे एरवी पाणी शांत असतं, पण जुगो नावाचा आग्नेयेचा वारा सुटला की लाटा येतात आणि मग कॅप्टन रस्ता बदलतो किंवा बंदरात थांबवतो. त्याला कोणी भांडायचं नाही, करारात तसं लिहिलेलंच असतं आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

माझं ऐकाल तर आधी परीक्षा घ्या. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर नव्हे, तिथे फक्त हौस भागते. पाऊस संपला की एक दिवस सकाळची पंचवटी धरा, सीएसएमटीला उतरा, गेटवेहून मांडव्याची लाँच पकडा, तासाभराचा प्रवास, जा आणि परत या. खालच्या बंद भागात बसू नका, वर बसून लांब क्षितिजाकडे बघा, मोबाईलमध्ये तोंड घालू नका. ह्याने सगळं कळत नाही, ते पाणी तसं बंदरातलंच, पण तिथेच पोटात ढवळलं तर क्रोएशियाचे पैसे भरायच्या आधी डॉक्टरांकडे जायचं हे तरी कळेल. ॲव्होमिनसारखी गोळी आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे यजमानांसाठी. केबिन बोटीच्या मध्यावर असली की हेलकावे कमी बसतात, टोकाला जास्त, आपल्या एसटीच्या मागच्या सीटसारखंच.

पोहता येत नाही ह्याची फार काळजी करू नका, पण विचार करा. ह्या बोटींचा अर्धा आनंद म्हणजे दुपारी निळ्या पाण्यात थांबतात आणि लोक धपाधप उड्या मारतात. तुम्ही दोघं कठड्यावर बसून बघणार, का लाइफ जॅकेट घालून शिडीवरून उतरणार? मी पंजाबी ड्रेस घालून उतरले असते, खरं सांगते, कोण बघतंय. आणि पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठे जमायचं हे दाखवतात तेव्हा आपली मंडळी फोटो काढण्यात असतात. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं अवाढव्य जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली, त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. तेव्हापासून मोठ्या सफरींना नियम कडक झाले. तुमच्या बोटीवर कवायत उरकून टाकत असतील तर तुम्ही स्वतः विचारा, लाजू नका.

जेवणाचं. ह्या बोटींवर बहुतेक वेळा सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एवढंच पॅकेजमध्ये असतं, रात्री गावात आपलं आपण. मासे भरपूर, भातात पण माशाचं पाणी असू शकतं, तिकडचा काळा भात म्हणजे काळे तांदूळ नव्हेत बरं का, माकुळासारख्या प्राण्याच्या शाईत शिजवलेला असतो. नुसतं "व्हेज" लिहून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, त्यांचं सूप किंवा पाणी नाही, अंडं चालतं का नाही, हे चार वाक्यांत लिहून बुकिंगच्या वेळी द्या, निघायच्या तीन आठवडे आधी परत मेल करा आणि पहिल्या दिवशी आचाऱ्याला भेटून हसून परत सांगा. लहान बोटीचा हा फायदा मोठा आहे, आचारी एकच असतो आणि त्याला तुमचा चेहरा लक्षात राहतो. भर समुद्रात मधेच काही आणायला बाजार मात्र नसतो. चिवडा न्या, नाशिकहून निघालोय आणि चिवडा नाही हे शोभत नाही. (अंटार्क्टिका नाहीतर गालापागोसला जाणाऱ्यांनी तो किनाऱ्यावर न्यायचा नाही, तिथे बाहेरचं खाणं उतरवायला बंदी आहे, बुटातली माती सुद्धा धुवून घेतात.)

आता एजंट आणि शुक्रवार. माझा जीव ह्यात जास्त अडकलाय.

दोन केबिन उरल्यात म्हणजे त्याच्या कोट्यातल्या दोन उरल्या असतील, बोटीवरच्या नव्हे. पुढच्या मे महिन्याच्या सफरीचे पूर्ण पैसे आत्ता का? क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, आणि तिथे युरो चालतो, म्हणजे तुम्हाला शेंगेन व्हिसा लागणार, आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच करता येतो, त्याच्या आधी नाही. म्हणजे आज पैसे भरले तर व्हिसा मिळेल की नाही हे कळायला अजून कित्येक महिने आहेत. व्हिसा नाकारला तर? नाकारतात हो, कागद नीट असूनही नाकारतात. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचं तसंच झालं, एजंटने हात वर केले, "व्हिसा आमच्या हातात नाही" म्हणाला, आणि ते खरंच होतं, पण पैसे त्याच्या हातात होते ना. म्हणून ॲडव्हान्स भरा, पूर्ण नको, आणि लेखी घ्या की किती दिवस आधी रद्द केलं तर किती टक्के कापणार, व्हिसा नाकारला तर किती परत. व्हॉट्सॲपवरचं "डोन्ट वरी मॅडम" हे लेखी नव्हे.

दुसरं, पावतीवर बोटीचं नाव आहे का बघा. ह्या धंद्यात "अमुक बोट किंवा तत्सम" असं लिहितात, आणि तुम्ही व्हिडिओत बघितलेली नवी कोरी बोट जाऊन तिथे जुनी लाकडी उभी असू शकते. नाव मिळालं की डेकचा नकाशा मागा, केबिन नंबर त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. काय काय पॅकेजमध्ये नाही तेही विचारा: बंदराचा कर, पाणी आणि बाकी पेयं, गाईड, टीप. बऱ्याच बोटींवर बाहेरून पेयं आणलेली चालत नाहीत आणि शेवटच्या दिवशी बिल रोख मागतात. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापतात, दर बजेटमध्ये बदलत असतो, तो रिटर्न भरताना क्रेडिट मिळतो पण आत्ता खिशातून जातोच. एकटं जाणाऱ्या वाचकांनी तर आधी एकट्याचा जादा चार्ज किती ते विचारा, केबिन दोघांच्या हिशोबाने लावलेली असते, काही ठिकाणी जवळजवळ दुसऱ्या माणसाचे पैसे भरल्यासारखं होतं.

आणि सफर सुरू व्हायच्या निदान एक दिवस आधी तिथे पोचा. मधे विमान बदलावं लागतं, एक चुकलं की बोट गेली, ती थांबत नाही. विमा व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण त्यात आधीचे आजार धरलेत का ते वाचा, यजमानांना बीपी शुगर असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका, नाहीतर क्लेम येणार नाही. शेंगेनचं ठशांचं काम मुंबई नाहीतर पुण्याला जाऊन करावं लागेल, तो एक दिवस धरून ठेवा.

मला मनातून काय वाटतं सांगू? पहिलीच बोट असेल तर नदी बघा ना. मे महिना सोडा, लग्नाचा वाढदिवस नोव्हेंबरात साजरा केला तर कोणी पोलीस पकडत नाही. ब्रह्मपुत्रेवर ऑक्टोबर ते एप्रिल बोटी चालतात, काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं ते तेव्हा उघडं, माजुली बेटावरचे सत्र म्हणजे वैष्णव मठ, सुआलकुची गावातले रेशमाचे माग, रात्री बोट चापोरीला म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटाला लावतात आणि एवढा अंधार की आपल्या शहरातल्या माणसाला आकाशगंगा दिसली की रडू येतं. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, बोट लागत नाही, वरणभात मागितला की मिळतो. गंगेवर २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगडला जाणारी गंगा विलास सुरू झाली, ३६ प्रवासी, ५१ दिवस, सुमारे ३२०० किलोमीटर, ते काही आपल्याला परवडण्यातलं नाही, पण छोटे टप्पे करणाऱ्या बोटीही आहेत. स्वस्त आहे असं मात्र समजू नका, लहान बोट कुठेही स्वस्त नसते, आचारी, इंजिन, खलाशी ह्यांचा खर्च मोजक्या डोक्यांवर वाटायचा असतो. आणि गैरसोयी तिथेही आहेत, नदीचं पात्र सरकतं, बोट वाळूत अडकते, कार्यक्रम बदलतो, किनाऱ्यावर चढायला फळी आणि पुढे मातीचा उतार, गुडघे तिथेही आहेतच. तुम्ही गोदाकाठच्या, पात्र पाण्याने भरलेलं बघायची हौस तुम्हाला मी काय सांगायची.

पण तुम्ही म्हणाल नाही, मला तो निळा समुद्रच बघायचाय, तर क्रोएशियाच करा, फक्त मे किंवा सप्टेंबर, जुलै ऑगस्ट नको, ऊन आणि गर्दी दोन्ही.

राहता राहिले यजमान. "तुला पाहिजे तिथे जाऊ" हे होकार आहे का सुटका, हे तुम्हाला ३५ वर्षांत माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल. लहान बोटीवर संध्याकाळी काही नसतं, शो नाही, नेट अर्धवट, उद्या कुठे जायचं ते सांगतात आणि संपलं. तुम्हाला ते स्वर्ग वाटेल. प्रेसमध्ये शिफ्टवर आयुष्य काढलेल्या माणसाला रिकामं बसणं जमतं का? "कुठे जायचं" असं विचारू नका त्यांना. विचारा, दुपारी चार ते रात्री नऊ बोटीवर बसून तुम्ही काय कराल? उत्तर आलं की दुर्बीण, पत्ते, नाहीतर नुसतं पाण्याकडे बघत बसेन, तर बुक करा. टीव्ही आहे का विचारलं तर मुलाला फोन लावा.

शुक्रवारी एजंटचा फोन येईलच. त्याला म्हणा बोटीचं नाव, डेकचा नकाशा आणि रद्द करायच्या अटी मेलवर पाठव, मग बोलू. पाठवल्या तर मला पुढच्या पत्रात कळवा, केबिन नंबर आपण मिळून बघू. नणंदेची केबिन शेजारी घ्यायची का दुसऱ्या टोकाला, ते मात्र मला विचारू नका.